आधीच्या मालकाची वायरिंग

गिऱ्हाईक येतं ते यादी घेऊनच येतं. "एबीएसचा दिवा लागतो, स्टिअरिंगचा लागतो, टेप मधेच बंद होऊन चालू होतो, सकाळी सेल्फ घेत नाही. चार फॉल्ट आहेत, किती होतील?" मी विचारतो, बॅटरी कधीची आहे? मग शांतता. बॅटरी गाडीबरोबर आलेली असते, आणि गाडी आधीच्या मालकाकडून आलेली असते.

सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवून मला तीस वर्षं होत आली. सुरुवात ट्रकच्या वायरिंगने केली, आता निम्म्याहून जास्त काम सेकंडहँड एसयूव्हीचं. बहुतेक आठ-दहा वर्षांच्या डिझेल गाड्या. कंपनी कुठलीही असो, तक्रारी फिरून फिरून त्याच. कारणंही दोनच जास्त: पाणी, आणि आधीच्या मालकाचे हात. म्हणून घरच्या घरी काय तपासता येतं ते सांगतो. लागेल एक साधा मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश. स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) नंतर.

आधी बॅटरीचे तीन आकडे

रात्रभर उभी असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, चावी न लावता मोजा. १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर बाकी फॉल्ट शोधायला बसूच नका, आधी ती बाहेरून चार्ज करून घ्या. दुसरा आकडा सेल्फ मारताना: कुणाला तरी चावी फिरवायला सांगा, मल्टीमीटरचे काटे बॅटरीवर ठेवा. साडेनऊच्या खाली कोसळली तर बॅटरी दमली आहे, किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. तिसरा आकडा इंजिन चालू असताना, हेडलाईट आणि एसी लावून: १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पण १२.४ वर बसून राहिला तर डायनामो चार्ज करत नाही. (अल्टरनेटर म्हणा. आमच्याकडे डायनामोच म्हणतात.)

व्होल्टेज पडलं की गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकदम तक्रार करतात. एबीएसवाला म्हणतो माझं बिघडलं, स्टिअरिंगवाला म्हणतो माझं. स्कॅनर लावला तर यू अक्षराने सुरू होणारे कोड ओळीने येतात, म्हणजे एका मॉड्यूलचं (अशा एका कॉम्प्युटरचं) दुसऱ्याशी बोलणं तुटलं. पी-०५६२ दिसला तर तो सरळ सांगतोय की व्होल्ट कमी आहेत. तो कोड सोडून एबीएसचं मॉड्यूल बदलायला निघालेले लोक मी बघितलेत.

बॅटरीवर छापलेला आकडाही वाचा. विकायच्या आधी स्वस्तातली छोटी बॅटरी बसवणं ही जुनी युक्ती आहे. कंपनीची ७० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) असते तिथे ४५ ची निघते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी चालतच नाही, त्या सिस्टिमसाठी बनवलेलीच लागते. साधी टाकली तर लवकर मरते.

अर्थिंग

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल बॉडीला जाते, एक इंजिनला. दहा पावसाळ्यांनी त्यांच्या लगखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पण खाली करंटला वाट नसते. मग करंट दुसरी वाट शोधतो: क्लच केबल, गिअर केबल, कुठल्या तरी सेन्सरची बारीक अर्थ. उजवा इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, हॉर्न वाजवला की डॅशबोर्डच्या मीटरचा काटा उडतो, ही भुताटकी नव्हे. अर्थ तुटलेली आहे.

तपासायची पद्धत: मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक काटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, खांबावरच), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारा. ०.२, ०.३ पर्यंत ठीक. एकदा मिरजेच्या एका डॉक्टरांच्या गाडीवर १.८ आले. त्याआधी त्यांनी सेल्फ दोनदा भरून घेतला होता, बॅटरी नवी टाकली होती. मी लग सोडला, खाली हिरवी-पांढरी पूड. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून, वर व्हॅसलीन लावलं. अर्ध्या तासाचं काम, आणि डॉक्टरांना बिल इतकं कमी वाटलं की त्यांनी दोनदा विचारलं, नक्की झालं ना?

बॅटरीच्या खांबांवर बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. केबल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि निगेटिव्हच्या क्लॅम्पवर छोटी डबी आणि बारीक कपलर (वायरी जोडायचा प्लग) दिसला तर तो सेन्सर आहे. त्याला ठोकू नका, जंप केबलचा चिमटाही त्यावर लावू नका. चिमटा इंजिनच्या धातूला लावायचा.

सेल्फ घेत नाही म्हणजे नक्की काय?

फोनवर मी नेहमी विचारतो, आवाज कसा येतो? भराभर टक-टक-टक आणि मीटरचे दिवे विझल्यासारखे, तर बॅटरी किंवा ढिला टर्मिनल. एकच टक, दिवे लख्ख, तर सेल्फमधले कार्बन किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच). काहीच आवाज नाही, तर रिले, क्लचचा स्विच, किंवा चावी ओळखली जात नाही. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत ब्रेक पेडलवरचा स्विच बघा. हा छोटासा स्विच गेला तर गाडी स्टार्ट होत नाही, क्रूझ चालत नाही, कधी ट्रॅक्शनचा दिवाही लागतो. एका माणसाला पेडल दाबायला लावा आणि मागे जाऊन बघा, ब्रेकलाईट लागतात का. एवढीच तपासणी.

डायनामोबद्दल एकच सांगतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप असतो. त्याची सील गेली की ऑइल आत कार्बनवर येतं आणि चार्जिंग बंद. ऑइल कुठून आलं ते न बघता नवा डायनामो टाकला, तर तोही तसाच जाणार.

तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार. बारा वर्षांची गाडी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. छाटणीच्या दिवसांत गाडी चार दिवस शेडमध्ये, पाचव्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून स्टार्ट. दोन बॅटऱ्या झाल्या, डायनामो झाला.

हिशोब सोपा आहे. गाडी बंद करून अर्धा तास झाला, सगळे मॉड्यूल झोपले, की ५० मिलीअँपिअरच्या आत ओढ असायला हवी. यांच्या गाडीत ४०० होती. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर. ७० ची बॅटरी चार दिवसांत निम्म्याच्या खाली.

चोर शोधायला फ्यूज एकेक काढत बसू नका. फ्यूज काढून परत लावला की मॉड्यूल जागे होतात आणि अर्धा तास पुन्हा थांबावं लागतं. दरवाजा उघडा ठेवा पण त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून घ्या, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं. (दार परत लावताना ते आधी सोडवा, नाहीतर लॉक तुटेल.) चावी गाडीपासून लांब. अर्ध्या तासाने मल्टीमीटर मिलीव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर जी दोन उघडी टोकं दिसतात, त्यांना काटे टेकवा. शून्य म्हणजे तिथून करंट जात नाही. आकडा दिसला की ती लाईन पकडा. एकूण ओढ मोजायला मीटर निगेटिव्ह केबलमध्ये दहा अँपिअरवर जोडतात, पण तो जोडलेला असताना चावी फिरवलीत तर मीटरचा फ्यूज उडालाच.

बागायतदारांच्या गाडीत आकडा आला टेपच्या फ्यूजवर. टेप काढला. मागे आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर, तो सीटखाली, आणि त्याला चालू करणारी वायर चावीच्या लाईनला न जोडता सरळ बॅटरीच्या लाईनला, चिकटपट्टी गुंडाळून. अँप्लिफायर रात्रंदिवस जागा. स्पीकर कधीच काढून विकले होते.

हे एकदा पाहिलंत की गाडी घेतल्यावर पहिलं काम काय, ते कळेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या जास्तीच्या वायरी मोजा. ज्या वायरीत फ्यूज नाही ती आजच काढा. बाहेरून बसवलेलं लॉक, बंपरवरचे फोकस, रंगीत पट्ट्या, दुसरा हॉर्न: जे वापरत नाही ते मुळापासून काढा, नुसतं टोक कापून सोडू नका.

हेडलाईटचंही तेच. साधा बल्ब ६०/५५ वॉटचा. त्याजागी १००/९० चा टाकतात आणि वायरिंग तीच. हायबीमला दोन्ही मिळून दहा अँपिअरच्या जागी सोळा-सतरा. होल्डर वितळतो, स्विच काळा पडतो. होल्डर काढून बघा, प्लास्टिक तपकिरी झालंय का. फ्यूजही रंगाने ओळखा: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. झाकणावर दहा लिहिलंय आणि आत हिरवा बसलाय, तर आधी कधीतरी फ्यूज उडत होता आणि कोणीतरी कारण शोधण्याऐवजी मोठा फ्यूज टाकलाय. ते कारण अजून गाडीत आहे.

पुरातून आलेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फूट ओलांडले, तेव्हा शहरातल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते आम्ही बघितलंय. २०२१ च्या जुलैत चिपळूणही तसंच. अशा गाड्या धुऊन, वाळवून पुन्हा बाजारात येतात, आणि दूरच्या गावात विकल्या जातात. गंमत अशी की त्या लगेच बिघडत नाहीत. पाणी वायरच्या आवरणात शिरून तांबं आतल्या आत हिरवं करत जातं. सहा महिन्यांनी एक काच बंद पडते, मग सेंट्रल लॉक, मग एअरबॅगचा दिवा.

घेण्याआधी: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेषा दिसते. सीटच्या रेलवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेट उचलून खालचा फोम ओला. ड्रायव्हरच्या पायाशी एखादा कपलर उघडून पिना बघा, हिरव्या असतील तर पुढे बोलूच नका. आणि चावी अर्धी फिरवून मीटर बघा. एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन, बॅटरी हे दिवे आधी लागलेच पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो दुरुस्त झालेला नाही, त्याचं तोंड बंद केलंय.

पूर न बघितलेल्या गाडीतही पाणी येतं. सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या धुळीने तुंबतात आणि पाणी खांबातून खाली मॉड्यूलवर. पुढच्या काचेखाली पाला साचतो. पावसाळ्याआधी दोन्ही साफ करा.

दारं, डिकी आणि किरकोळ

मागची वायपर बंद, नंबरप्लेटचा दिवा बंद, कॅमेरा काळा, तिन्ही एकदम? डिकी आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी दिसते ती मागे सरकवा. आत उघड-झाप होऊन वायरी तुटलेल्या असतात. दारांचंही तसंच: काच दार अर्धं उघडल्यावरच चालत असेल तर वायर तिथेच तुटलीय. जोडताना मऊ, बारीक तारांची वायर घ्या आणि डाग (सोल्डर) द्या. जोड नळीच्या वळणावर येऊ देऊ नका. आमच्या भागात डिकीत पोटॅश खताची पोती नेतात, त्या मिठाने मागची अर्थ खाल्लेली असते. एवढं तरी टाळा.

एसीचा पंखा फक्त चारवर चालतो? रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेला. तो पुन्हा जात असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा मोटर जड झालीय, कपलरही जळालाय का बघा. काच हळू वर जाते, तर मोटरच्या आधी रबरात सिलिकॉनचा स्प्रे मारा. एबीएसचा दिवा एका चाकामुळे असेल तर चाकामागची सेन्सरची वायर बघा. उंदरांसाठी लोक तंबाखूची पानं ठेवतात. माझ्या दुकानात तंबाखूवरच घरटं केलेली गाडी आली आहे. बोनेट दर आठवड्याला उघडणं हाच माझा उपाय.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मेली, आणि एअरबॅगचा दिवा लागलाय, असं तिन्ही एकत्र आलं तर स्टिअरिंगखालची गोल पट्टी तुटलीय. तिथे पिवळे कपलर दिसतील, ते एअरबॅगचे. पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटरचा काटा लावायचा नाही. मीसुद्धा त्या कामाला बॅटरी सोडून, चहा पिऊन येतो, आणि मगच स्क्रू उघडतो.