जुन्या टपाल तिकिटांवरील छपाईदोष आणि प्रकार कसे ओळखावेत

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांतून आजही पत्र्याच्या पेट्या निघतात. त्यांत जमिनीच्या कागदांबरोबर सुतळीने बांधलेले पत्रव्यवहाराचे गठ्ठे असतात आणि त्या लिफाफ्यांवर पुष्कळदा निजामी अमलातील तिकिटे असतात. हैदराबाद संस्थानाने आपले पहिले टपाल तिकीट १८६९ साली काढले. १९३१ च्या चित्रमालिकेत तर आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा आहे. असा गठ्ठा हाती आला की पहिला नियम पाळावा: लिफाफ्यावरचे तिकीट पाण्यात टाकून सोडवू नये. टपालशिक्क्यावरून गाव आणि तारीख कळते, म्हणजेच ते तिकीट कोणत्या काळी वापरात होते हे कळते, आणि पुढे दोषाचा काळ ठरवताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

साधने फार लागत नाहीत. सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, सपाट टोकाचा चिमटा, तिकिटाच्या कडेचे दाते मोजण्याची पट्टी आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड एवढ्यावर सुरुवात करता येते.

दोष शोधण्याआधी ते तिकीट कोणत्या पद्धतीने छापले आहे हे ठरवावे, कारण प्रत्येक पद्धतीचे दोष वेगळे असतात. खोल कोरलेल्या प्लेटवरून छापलेल्या तिकिटात शाई कागदावर किंचित उभी राहते. सिगारेटच्या पाकिटातील पातळ चंदेरी कागद तिकिटावर ठेवून बोटाने हलकेच दाबला, तर त्या उभ्या रेषा त्या चंदेरी कागदावर उमटतात. वर सांगितलेली १९३१ ची मालिका या पद्धतीची आहे. तिच्या प्लेटी लंडनच्या डी ला रू कंपनीने केल्या आणि छपाई हैदराबादच्या स्टॅम्प कार्यालयात झाली. अशा तिकिटांत दुहेरी रेषा शोधाव्यात. प्लेटवर चित्राचा ठसा पुन्हा उठवताना तो केसभर सरकला, तर अक्षराच्या किंवा चौकटीच्या एका बाजूला तीच रेषा सावलीसारखी दुसऱ्यांदा दिसते. प्लेटला तडा गेला असेल, तर चित्राशी काही संबंध नसलेली बारीक वेडीवाकडी रेषा दिसते आणि कधी कधी ती शेजारच्या तिकिटातही जाते.

उठावाच्या ठशावरून छापलेल्या तिकिटात शाई अक्षराच्या काठाशी दाबली जाऊन तिची गडद कड तयार होते. येथे तुटलेल्या चौकटी आणि झिजलेली अक्षरे शोधावीत. शिळाछपाई आणि ऑफसेट या सपाट पृष्ठभागावरून होणाऱ्या छपायांत शाई सपाट बसते. ग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे सिलिंडरवर कोरलेल्या बारीक खळग्यांतून केलेल्या छपाईत, भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडाही दातेरी वाटतात. आपल्याकडे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने छापलेली १९५२ ची संतकवींची मालिका या पद्धतीची आहे. तिच्यात सिलिंडरवरील ओरखडे आणि ठिपके दोषाच्या रूपात येतात.

आता मुख्य प्रश्न असा, की दिसलेली खूण खरा दोष आहे की अपघात. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. प्लेटमधील खोट प्रत्येक कागदावर त्याच जागी उमटते, म्हणून तीच खूण निदान दुसऱ्या एका तिकिटावर अगदी त्याच ठिकाणी सापडल्याशिवाय तिला कायमचा दोष म्हणू नये. शाईचा शिंतोडा, छपाईच्या वेळी कागदावर पडलेला धागा, पुसायची राहिलेली शाई यांमुळे झालेली खूण एकाच प्रतीपुरती असते. ती पाहायला आकर्षक असू शकते, पण तिला प्रकार, म्हणजे त्याच तिकिटाचा कायमचा वेगळा नमुना, म्हणता येत नाही.

माझ्याकडील चारमिनारच्या एक आण्याच्या तिकिटावर डाव्या चौकटीला टेकलेली एक पांढरी फट होती. मला ती प्लेटची खोट वाटली आणि मी तशी नोंदही करून ठेवली. पुढे जालन्याच्या एका जुन्या कागद-विक्रेत्याकडून त्याच मूल्याची एकवीस तिकिटे आणली आणि ओळीने लावून पाहिली. एकातही ती फट नव्हती. मग पहिले तिकीट तिरप्या उजेडात धरले, तेव्हा फटीच्या जागी कागदाचा वरचा पापुद्राच गेलेला दिसला. तेव्हापासून कोणतीही खूण दिसली की मी प्रथम तिकीट तिरपे धरून कागद शाबूत आहे का हे पाहतो.

कायमच्या दोषाचे चांगले उदाहरण म्हणजे १९३१ मध्येच नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेले पाव आण्याचे तिकीट. त्यावर इंग्रजी लिपीत छापलेल्या ‘पुराना किल्ला’ या नावातील ‘पुराना’ शब्दात काही प्रतींवर ‘पी’ऐवजी ‘एफ’ दिसतो. याउलट १९४९ च्या मालिकेतील बोधिसत्त्वाच्या एक आण्याच्या तिकिटात मूर्ती उलट्या बाजूने छापली गेली आणि १९५० मध्ये सरळ केलेले तिकीट निघाले. ही चूक चित्र तयार करतानाची असल्याने पहिल्या खेपेच्या प्रत्येक तिकिटावर आहे. म्हणून तिला छपाईदोष न म्हणता चित्रातील चूक म्हणावे. आणि १८७० ची हैदराबादची अर्ध्या आण्याची व दोन आण्यांची तिकिटे ही तिसरीच गोष्ट आहे. त्यांच्या प्लेटवर प्रत्येक तिकीट हाताने वेगळे कोरले होते, त्यामुळे दर मूल्याचे २४० प्रकार आहेत आणि तेथे फरक असणे हेच स्वाभाविक आहे.

चित्र हुबेहूब तेच असूनही तिकिटे वेगळी असू शकतात. १९५७ च्या नकाशाच्या नव्या पैशांच्या तिकिटांवर ताऱ्यांचे जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) आहे, तर १९५८ पासून त्याच चित्राच्या तिकिटांवर अशोकस्तंभाचे जलचिन्ह येते. ही तिकिटे स्वस्त आणि भरपूर मिळतात, म्हणून सरावाला उत्तम. तिकीट काळ्या पृष्ठभागावर उपडे ठेवून उजेडात पाहावे. लायटरच्या इंधनाने जलचिन्ह स्पष्ट होते, परंतु ग्रॅव्ह्युअरच्या काही शाया त्याने उतरतात आणि ते पेट घेणारे असल्याने मी ते टाळतो. दात्यांचे माप दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे येतात त्यावरून ठरते. दाते नसलेले एकटे तिकीट दिसले तर कात्रीने कापलेले असण्याची शक्यता मोठी असते; अशा वेळी जोडी किंवा चारही बाजूंना रुंद कड असल्याशिवाय त्याला दाते मुळातच नव्हते यावर विश्वास ठेवू नये. छिद्रे अर्धवट पडून नुसती सुईची खूण उरलेली असेल, तर ते दाते नसलेले तिकीट ठरत नाही.

रंगाच्या बाबतीत फारच सावध राहावे. आपल्याकडच्या उन्हात भिंतीवर टांगलेल्या चौकटीतील हिरव्या तिकिटातला पिवळा अंश उडून ते निळसर होते आणि कोणीतरी ते दुर्मीळ म्हणून विकायला आणते. तिकिटाचा शिक्क्याखालचा भाग आणि मागचा कागद पाहिला तर हा फरक बहुधा लक्षात येतो.

खूण खरी ठरली की नोंद करावी. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगणे सोपे जाते. उदाहरणार्थ, ‘मनोऱ्याच्या टोकापासून दोन वाजण्याच्या दिशेला, दीड मिलिमीटरवर, रंगीत ठिपका’. तिकीट पूर्ण शीटमधील किंवा कडेच्या पट्टीसह असेल, तर वरून कितवी ओळ आणि डावीकडून कितवे तिकीट हेही लिहावे. पुढे त्याच जागेची आणखी एक प्रत शोधायला हीच नोंद घेऊन बसावे लागते. नोंद तिकिटाच्या मागे न लिहिता अल्बमच्या पानावर, मऊ पेन्सिलीने लिहावी.