काटकसर महागात पडते ती इथे: घरचं खत, कुंड्या आणि सुईदोऱ्यातल्या चुका

काटकसर सुरू करायची म्हणून पहिल्याच महिन्यात खरेदीला निघणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. खतासाठी तीन मजली टेराकोटाचं भांडं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा, गांडूळखताच्या पिशव्या, रंगीत कुंड्या, शिवाय शिवणाचा देखणा डबा. आठवड्याला पन्नास रुपयांची भाजी वाचवायची आणि त्यासाठी आधी पाच हजार घालवायचे, म्हणजे दोन वर्षं नुसती बरोबरी साधण्यात जाणार. त्या दोन वर्षांत निम्म्या कुंड्या रिकाम्या झालेल्या असतात. दुसरी चूक याच्या उलट दिसते पण नुकसान तेवढंच करते: ‘बघू नंतर’. उसवलेली शिवण, ओला कचरा, उरलेला भात, यातलं काहीच थांबून राहत नाही. पुढे ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक या दोन सवयींतूनच येतात.

खताच्या बादलीला वास का येतो

घरी खत करणं सोडून देणाऱ्यांचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, वास. आणि वासाचं कारणही बहुधा एकच असतं: ओला कचरा पडत राहतो, सुकं काही पडत नाही. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या (नायट्रोजनच्या) साधारण २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) लागतो. भाज्यांची देठं-सालं, चहाचा चोथा यांत कर्ब त्या मानाने कमी आणि पाणी भरपूर. वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर. म्हणून हिशेब सोपा ठेवा. एक वाडगा ओला कचरा पडला की त्यावर दीड-दोन वाडगे चुरलेला पाला पडलाच पाहिजे. वजनाने मोजत बसू नका, आकाराने मोजा.

वासावरून दोष ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, मोरीत अमोनिया ओतल्यासारखा वास आला तर नत्र जास्त झालंय. पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळा. आंबूस, सडका, कुजक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. अशा वेळी नुसता पाला वरून टाकून भागत नाही. सगळं एका जुन्या चादरीवर ओतून, मोकळं करून, पाला मिसळून पुन्हा भरावं लागतं. ओल किती हवी ते मुठीत कळतं: मूठभर घेऊन घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत जेमतेम एखादा थेंब दिसावा. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

भांड्यावर पैसे घालवायची गरज नाही. रंगाची रिकामी २० लिटरची बादली रंगारी सहज देतो. तिला बुडाला आणि चहूबाजूंनी भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा, खाली जुनी थाळी सरकवा. अशा दोन बादल्या हव्यात, एक भरत असताना दुसरी मुरत राहील. एकाच बादलीत रोज ताजा कचरा टाकत राहिलं तर खत कधीच ‘तयार’ होत नाही, वर नेहमी कालची दुधीची सालं दिसतात. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं महागडं कल्चर विकत आणतात. त्याची गरज नसते. जुनं खत, शेण किंवा आंबट ताक ओंजळभर घातलं तरी दह्याला विरजण लागावं तसं काम सुरू होतं.

पाला साठवण्याचीही वेळ ठरलेली आहे. महाराष्ट्रात बहुतेक झाडं माघ-फाल्गुनात पानं गाळतात. तेव्हा सोसायटीच्या आवारात पोत्याने पाला पडतो आणि झाडून त्याला काडी लावली जाते. तेव्हाच चार-सहा पोती भरून कोरड्या जागी ठेवा, कारण खरी गरज आषाढ-श्रावणात लागते आणि तेव्हा कोरडं पान औषधालाही मिळत नाही. पाला जाळणं तसंही गुन्ह्यात मोडतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना ५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे. पाला नसेल तर लाकडाचा भुसा चालतो, मात्र सुताराकडून आणताना तो प्लायवूड किंवा एमडीएफचा नाही ना, विचारून घ्या. त्यात रसायनी डिंक असतो.

बादलीत चपट्या, करड्या, वळ्या-वळ्यांच्या अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो आणि कुणीतरी फिनाइल ओततं. ही सगळ्यात वाईट चूक. त्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, त्यांची माशी अन्नावर बसत नाही, चावतही नाही. किळस येत असेल तर वरून पाल्याचा जाड थर द्या. फिनाइलने मात्र अळ्यांबरोबर सगळे सूक्ष्मजीवही मरतात आणि ती बादली वाया जाते. मुंग्या लागल्या तर समजा की मिश्रण कोरडं पडलंय. थोडं पाणी शिंपडून ढवळलं की त्या आपोआप जातात. चिलटं झाली तर फळांची सालं उघडी पडली आहेत, ती खाली दाबा.

काय टाकू नये याची यादी छोटीच आहे: तेलकट रस्सा, मटणाची हाडं, मासळी, दूध. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या शेंड्या टाकल्या तर नुकसान नाही, पण त्या वर्षभर तशाच निघतात. भाज्यांचे देठ चिरून टाकले तर महिनाभर तरी वाचतो.

आता घाई. दीड-दोन महिन्यांनी वरून काळं दिसलं की लोक ते थेट रोपांना घालतात, आणि आठवड्यात पानं पिवळी पडतात. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत गेल्यावर उरलेलं काम तिथे पूर्ण करतं आणि त्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतं. तपासणी सोपी आहे. ओंजळभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा. पिशवी उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर घाला, आंबूस वास आला तर अजून पंधरा दिवस थांबा. तयार खतही कुंडीत चौथा हिस्सा, फार तर तिसरा. नुसत्या खतात रोप लावू नये.

कुंड्या: जे शेजारणीला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही

घरगुती उपायांच्या व्हिडिओंनी कुंड्यांचं जेवढं नुकसान केलं असेल तेवढं मावा किडीनेही केलं नसेल, असं माझं मत आहे. राखेचंच घ्या. चुलीची राख झाडांना चांगली, हे कोकणात खरं आहे. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, राखेने ती थोडी निवते. पण पुणे, सोलापूर, नगर, मराठवाडा इथली काळी माती मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीची. तिच्यात राख, चुना, अंड्याची टरफलं ओतत राहिलं की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. खूण ठरलेली आहे: नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा झाडाला लोक ‘अशक्त दिसतंय’ म्हणून आणखी राख घालतात. राख बंद करा आणि वरची दोन बोटं माती काढून तिथे चांगलं कुजलेलं खत घाला. जुनी पानं खालून पिवळी पडत असतील तर ती गोष्ट वेगळी, तिथे नत्र कमी आहे.

चहाचा चोथा दूध-साखरेसकट कुंडीत टाकला की मुंग्या आणि बुरशी येणारच. धुऊन घ्या, किंवा सरळ खताच्या बादलीत टाका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाला, चार दिवस साठवून आंबवून नको. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी वाचवायची इच्छा स्तुत्य आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. रोज कुंडीत ओतलं तर काही महिन्यांनी मातीवर पांढरा थर दिसू लागतो.

कुंडीतली झाडं मरतात ती तहानेपेक्षा जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या थाळ्या काढून ठेवा. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

बियांच्या बाबतीत घरच्या डब्यातले धणे आणि मेथी उत्तम. धणे अख्खे पेरू नका. लाटण्याने हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका करा, मग रात्रभर भिजवा. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, मेथी तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून उतावळ्या माणसाने मेथीपासून सुरुवात करावी. चैत्र-वैशाखात कोथिंबीर लावून ती लगेच फुलावर आली की बियाण्याला दोष देऊ नका, तो उन्हाचा परिणाम आहे. आणि बाजारातल्या टोमॅटोचं बी लावून तशाच टोमॅटोची आशा धरू नका. बहुतेक टोमॅटो संकरित वाणाचे असतात, पुढच्या पिढीत गुण फुटतात.

गच्चीवर वाफे करणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. चार फूट बाय चार फूट वाफ्यात फूटभर माती घातली की सात-आठशे किलो एका जागी उभे राहतात. पालापाचोळा, उसाची चिपाडं आणि खत यांनी वाफा भरला, वर जेमतेम चार बोटं माती ठेवली, तर वजन कितीतरी कमी होतं आणि भाजीही चांगली येते. गच्ची आधीपासून गळत असेल तर आधी गळती बंद करा. खालच्या मजल्यावरच्यांशी भांडून पिकवलेली वांगी स्वस्त पडत नाहीत.

सुईदोरा

फाटलेला कपडा आधी शिवावा, मग धुवावा. आपण नेमकं उलटं करतो: ‘धुऊन झाला की देऊ शिवायला’. मशीनच्या एका फेरीत बोटभर फाटकं वीतभर होतं आणि कडांचे दोरे सुटल्यामुळे रफू करायला कापडच उरत नाही.

ठिगळाचं कापड नवं कोरं नको. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्या कापडाला चुण्या पाडतं. साडीला फॉल लावण्याआधी तो भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतात ते याचसाठी. शिवाय ठिगळ मूळ कापडापेक्षा जाड असलं तर त्याच्या कडेलाच नवीन फाटतं. जुन्या सुती कपड्यावर पॉलिएस्टरचा चिवट दोराही तेच करतो, दोरा टिकतो आणि कापड कातरलं जातं. गोधडी शिवतानाही जुन्या मऊ लुगड्यांत एकच जाड नवी चादर घातली तर बाकीचे थर आधी विरतात.

पँट मांड्यांच्या आतल्या बाजूला विरत चालली की उजेडासमोर धरून पाहा. कापडातून उजेड दिसू लागला की तीच वेळ. आतून पातळ अस्तर लावून बारीक टाके घातले तर पँट आणखी वर्षभर सहज चालते, भोक पडल्यावर मात्र ठिगळ बाहेरून दिसतंच. जाड कापडावर बटण लावताना बटणाखाली काडेपेटीची काडी धरून टाके घाला, मग काडी काढून सैल राहिलेल्या दोऱ्याला तीन-चार वेढे द्या. चेन उघडी पडत असेल तर अख्खी चेन बदलण्याआधी रनर पक्कडीने दोन्ही बाजूंनी अलगद दाबून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं, नाहीतर नवा रनर अगदी किरकोळ पैशांत मिळतो.

चपला-बुटांच्या तळव्याला झटपट चिकटणारा गोंद लावू नये. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि तळवा वाकला की तडकतो, वर तिथे नंतर चांभाराचं सोल्युशनही नीट धरत नाही. चांभाराकडून कडेने शिवून घेणं हा पक्का उपाय. आणि लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेले बूट? पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत नुसता ठेवून ठेवूनच भुगा होतो. वापरात असलेले बूट जास्त टिकतात, तेव्हा जपायचे असतील तर अधूनमधून घाला.

स्वयंपाकघरात थोडंसं

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची पद्धत उन्हाळ्यात अंगलट येते. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष परतल्यानेही जात नाही. पसरट ताटात गार करून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलेल्या भाताचा फोडणीचा भात बिनधास्त करा. तळणीचं उरलेलं तेल नव्या तेलाच्या डब्यात ओतू नका, त्याने नवंही लवकर खवट होतं. ते गाळून वेगळं ठेवा आणि चार-सहा दिवसांत भाज्यांच्या फोडणीत संपवा. वर्षाचे गहू स्वस्तात मिळाले तरी दोन खोल्यांच्या घरात, पाऊस तोंडावर आलेला असताना भरू नका. तीन महिन्यांपुरते घ्या. त्यात घालायचा कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला घातला तर त्याच्याच ओलीने सोंडे होतात.

दुरुस्ती करू नये अशा वस्तूही घरात असतात. गीझरची वायर टेप गुंडाळून चालवू नये. गॅसच्या नळीवर बदलण्याचं वर्ष छापलेलं असतं, ते उलटलं की ती दिसायला कितीही चांगली असली तरी बदलावी. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा आणि तो का उडाला तेही पाहा: बऱ्याचदा शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलेलं असतं.