पाठ केलेला जोड: का आणि कसा

पत्त्यांच्या जादूसाठी जादूगार 52 पत्त्यांचा एक ठरलेला क्रम तोंडपाठ करतो, तोच पाठ केलेला जोड. चवथीच्या रात्री फोंड्यातल्या एखाद्या घरी डाव मांडून बसलेली माणसे पत्त्यांत मुरलेली असतात. तीन-तीनने वाढणारा, लाल-काळा आलटून पालटून येणारा जोड त्यांच्यापुढे पसरला, तर त्यातली लय त्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. पाठ केलेल्या जोडात लय नसते, तो उघडा पसरला तरी पिसलेलाच वाटतो, आणि माझ्या मते तो शिकण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

स्पॅनिश जादूगार हुआन तामारिझ यांच्या क्रमात बदामची दुर्री दुसरी, तर चौकटची सत्ती तिसरी येते. प्रेक्षकाने पत्ता ओढल्यावर जोड तिथेच कापून वरचा भाग खाली घ्यावा. तळाशी दुर्री ओझरती दिसली, की त्याच्या हातात सत्ती आहे.

रोज थोडेच पत्ते घ्यावेत. ओळीने घोकू नये. प्रत्येक पत्ता त्याच्या क्रमांकाशी थेट जोडावा, तोही दोन्ही दिशांनी: पत्त्यावरून क्रमांक आणि क्रमांकावरून पत्ता. पणजीच्या बसमधून जाताना समोरच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे दोन अंक 52 च्या आत असतील, तर त्या क्रमांकाचा पत्ता मनात म्हणावा. साध्या कापण्याने क्रम मोडत नाही, पिसण्याने मोडतो. म्हणून खोटे पिसणेही, म्हणजे पिसल्यासारखे दाखवून क्रम तसाच ठेवणेही, याच काळात हातात बसवावे.