रिलीजआधी टारबॉल उघडून बघायची तयारी

मुक्त सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख ठरली की पहिलं काम टारबॉल बनवायचं, म्हणजे लोकांना द्यायच्या सगळ्या फाइलींचं एकत्र बांधलेलं पाकीट. शेवटच्या रात्री नव्हे, निदान दोन आठवडे आधी. तो रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाहेरच्या लायब्ररी मागवणाऱ्या पॅकेज मॅनेजरची यादी तेव्हा बाजूला राहू द्या. आपण काय मागवलं ते ती यादी सांगते. लायसन्सच्या अटी मात्र आपण लोकांना जे वाटून देतो त्याला लागतात. टेस्टसाठी आणलेली साधनं यादीत असतात आणि पाकिटात जात नाहीत, त्यांची नोंद करत बसू नका. याउलट चार वर्षांपूर्वी कुणीतरी कॉपी करून टाकलेली जावास्क्रिप्ट फाइल कुठल्याच यादीत नसते, पण पाकिटातून जगभर जाते.

आमच्या एका प्रकल्पात नेमकं हेच झालं. तारीख निवडायचं एक छोटं विजेट, मिनिफाय केलेली (आकार लहान करायला दाबून बसवलेली) एकच लांबलचक ओळ, आणि डोक्यावरची कॉपीराइटची कॉमेंट गायब. रिलीज काढायची का, यावर प्रकल्पातल्या लोकांचं मतदान चालू होतं. ते संपायच्या दिवशी नव्यानेच आलेल्या एका मुलीने टारबॉल उघडून विचारलं, "दादा, ही फाइल कुणाची?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. जुन्या कमिट (बदलांच्या नोंदी) खोदून मूळ लेखकाचं नाव सापडलं, लायसन्स एमआयटी निघालं, म्हणजे वापरायला हरकत नव्हती. पण त्या माणसाचं नाव आम्ही पुसून टाकलं होतं, आणि कॉपीराइटची ओळ व लायसन्सचा मजकूर सोबत राखणं हीच एमआयटीची जवळजवळ एकमेव अट आहे. मतदान रद्द करून पुन्हा घेतलं. तेव्हापासून मिनिफाय केलेली फाइल दिसली की तिचा मूळ सोर्स आणि आवृत्ती शेजारी लिहून ठेवतो. मिनिफायर उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या किंवा लायसन्सची खूण असलेल्या कॉमेंट राखू शकतो. ते सेटिंग चालू आहे ना, हे तयार झालेली फाइल उघडूनच खात्री करा.

मग प्रत्येक बाहेरच्या वस्तूचं लायसन्स वाचायचं. पानावरचा बॅज पुरेसा नाही, रिपॉझिटरीतली फाइल वाचायची. आणि फक्त कोड बघून थांबू नका. मार्च २०२१ मध्ये रूबी भाषेतल्या माइममॅजिक या जेमचं (लायब्ररीचं) काय झालं ते आठवा. जेम एमआयटीखाली वाटला जात होता, पण फाइलींचे प्रकार ओळखायला त्यात घेतलेली माहिती फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या जीपीएलखालच्या एक्सएमएल फाइलमधली होती. जीपीएल म्हणजे त्यावर बेतलेलं कामही त्याच अटींवर वाटायला लावणारं लायसन्स. हे लक्षात आणून दिल्यावर जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या, नवी आवृत्ती जीपीएलखाली आली, आणि रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कवरच्या असंख्य प्रकल्पांचं इन्स्टॉलेशन अडकलं. रेल्सला हा जेम थेट नव्हे, मार्सेल या दुसऱ्या जेममार्फत लागत होता. शेवटी मार्सेलने अपाची लायसन्सखालच्या टिका या प्रकल्पाची माहिती वापरायला घेतली. एका डेटा फाइलने एवढं केलं. म्हणून फॉन्ट, आयकॉन, शब्दयाद्या, टेस्टमधले नमुना फोटो, सगळ्यांची विचारपूस करा. मराठी अ‍ॅपमध्ये मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट सोबत देत असाल तर ओएफएलचा (फॉन्टसाठीच्या खुल्या लायसन्सचा) मजकूर फॉन्टशेजारी हवाच. अक्षरांत बदल करणार असाल तर त्या फॉन्टचं नाव राखीव आहे का तेही बघा. राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही.

लायसन्सं एकमेकांशी जुळतात का, हा पुढचा प्रश्न. अपाची २.० चा कोड जीपीएल ३ च्या प्रकल्पात चालतो. नुसत्या जीपीएल २ च्या प्रकल्पात, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, चालत नाही. 'किंवा पुढची कुठलीही आवृत्ती' हे चार शब्द फाइलच्या डोक्यावर आहेत की नाहीत, यावर सगळं ठरतं. अपाची फाउंडेशनने बाहेरच्या लायसन्सांचे वर्ग पाडलेत, त्यामुळे तिच्या प्रकल्पांना उत्तर तयार मिळतं: 'ए' वर्गातलं घ्या, 'बी' वर्गातलं अटी पाळून, शक्यतो बायनरी (सोर्सपासून बनवलेल्या, चालवायला तयार) रूपात घ्या, 'एक्स' वर्गातलं पाकिटात घालू नका. फेसबुकचं बीएसडी आणि पेटंट असं जोडलायसन्स २०१७ मध्ये 'एक्स' मध्ये गेलं, आणि त्याच वर्षी, त्या लायसन्सखाली मिळणारं फेसबुकचं साधन रिअ‍ॅक्ट एमआयटीखाली आलं. म्हणून गेल्या वर्षीच्या तपासणीवर विसंबू नका.

सोर्स आणि बायनरी यांच्या लायसन्स फाइली वेगळ्या असायला हव्यात. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सोर्सच्या पाकिटात दोन बाहेरच्या फाइली असतील, पण त्यातून बनलेल्या जारमध्ये (जावाच्या बायनरी पाकिटात) चाळीस लायब्ररी असू शकतात. गो आणि रस्टच्या बायनरीत तर लिंक झालेलं जवळजवळ सगळंच आत जातं. जावात सगळे जार एकत्र कोंबले की प्रत्येकातली लायसन्स फाइल आणि श्रेयाच्या सूचनांची नोटिस फाइल त्याच नावाने येते आणि एकीवर दुसरी बसते. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाच्या शेड प्लगिनमध्ये नोटिस फाइली एकत्र करायचा ट्रान्सफॉर्मर आहे, तो लावा, आणि नंतर जार अनझिप करून चाळीसच्या चाळीस नावं मोजा.

नोटिस फाइल आखूड ठेवा. आभार मानायची ती जागा नव्हे. तिथे लिहिलेली प्रत्येक ओळ आपल्या पुढे वाटणाऱ्यांना सोबत न्यावी लागते, त्यामुळे लायसन्सने मागितलेलंच लिहा.

एसपीडीएक्सच्या खुणा (लायसन्सचं नाव सांगणारी ठरावीक ओळ) फाइलींच्या डोक्यावर घाला, अपाची रॅट किंवा स्कॅनकोड ही लायसन्स तपासणारी साधनं चालवा. ती हेडर नसलेली फाइल झटकन दाखवतात. फाइल खरी कुणाची, ते माणसालाच शोधावं लागतं.

मतदानाला ७२ तास ठेवा. होकार देणाऱ्याने पाकीट स्वतःच्या मशीनवर उतरवून, सही तपासून, बिल्ड करूनच होकार द्यावा, हे आधीच सांगून ठेवा.

शेवटी टारबॉल आणि गिटमधला टॅग (त्या आवृत्तीची खूण केलेला कोड) शेजारी ठेवून फरक काढा. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातपाती कोड चालू करणारी बिल्डची फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. फरक निघालेल्या प्रत्येक फाइलसमोर ती कुठल्या पायरीला तयार झाली ते लिहा. एकाही फाइलसमोरची जागा कोरी राहिली तर त्या दिवशी मतदान सुरू करू नका.