लेदरवर टिच बटण लावताय? आधी दांडी मोजा

पाकीट, बेल्टला लावायचा पाऊच, चष्म्याची केस, काहीही शिवलं तरी शेवटी ते बंद कशाने करायचं हा प्रश्न येतोच, आणि सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे टिच बटण. ठोकायला अर्धा मिनिट. पण बऱ्याच जणांचं बटण महिन्याभरात सुटून हातात येतं आणि मग शिव्या हातोडीला नाहीतर दुकानदाराला. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं, लेदरची जाडी आणि बटणाच्या दांडीची लांबी यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून बाकी सगळं नंतर, आधी ते समजून घ्या.

ब्लाउजला सुईदोऱ्याने शिवतात ते टिच बटण इथे धरू नका, आणि लहान मुलांच्या झबल्यांना दातेरी रिंगवालं असतं ना, तेही नाही. त्या रिंगचे दात कापडासाठी असतात, जाड लेदरमधून ते आरपारच जात नाहीत आणि पातळ लेदरला भोकं पाडून सैल होतात. लेदरला लागतं ते चार तुकड्यांचं. वरची टोपी, तिच्या पोटाला दांडी असते. ती दांडी फ्लॅपमधून खाली येते आणि फिमेल, म्हणजे खड्डा असलेल्या तुकड्यात शिरून तिथे फुलते. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पाकिटाच्या अंगावर, खालून एक दांडीवाला तुकडा वर येतो आणि मेलमध्ये, म्हणजे त्या खड्ड्यात अडकणाऱ्या उंचवट्याच्या तुकड्यात फुलतो. फुलते म्हणजे दांडीचं पोकळ तोंड ठोक्याने बाहेरच्या बाजूला वळतं आणि तुकडा पकडून ठेवतं. सगळी ताकद त्या वळलेल्या काठात आहे, बाकी सगळी सजावट.

आता हिशोब. टोपीची दांडी फक्त फ्लॅपमधून जाते आणि खालची दांडी फक्त पाकिटाच्या अंगातून, त्यामुळे दोन्ही बाजूंची जाडी वेगवेगळी मोजायची, बेरीज करायची नाही, हा घोळ खूप जण करतात. फ्लॅपला आतून अस्तर असेल तर ते मात्र धरायचं. समजा लेदर १.४ मिमी आणि अस्तर ०.८, म्हणजे झाले २.२. लेदर बोटांनी दाबून धरलं की दांडी साधारण ३ मिमी वर दिसायला हवी, म्हणजे इथे ५ मिमीच्या आसपासची दांडी पाहिजे. दांडी जास्त लांब असेल तर ती फुलत नाही, मधेच वाकडी होऊन चेपते, बटण तिरकं बसतं आणि वरून बघितलं तर सगळं ठीकच वाटतं. आखूड असेल तर काठ नीट वळतच नाही, चार वेळा उघडलं की टोपी एकीकडे, फिमेल एकीकडे.

लांब निघालीच तर लगेच नवीन बटणं आणायला पळू नका, कापणीतून उरलेल्या लेदरची छोटी चकती करून आतून सरकवा, जाडी वाढली की काम झालं. आखूड निघाली तर बटणाच्या जागेपुरतं लेदर मागून रापीने तासून पातळ करा, पण अर्धा मिमीपेक्षा जास्त नको, फ्लॅपवर सगळा ओढा तिथेच येतो.

साइजबद्दल. दुकानात २० लाइन, २४ लाइन असं बोलतात. ४० लाइन म्हणजे १ इंच, म्हणून २० लाइनची टोपी साधारण १२.७ मिमी आणि २४ लाइनची १५.२ मिमी. ऑनलाइन किटवर ८३१, ६३३, ६५५ असे नंबर दिसतात, त्यांतूनही टोपीची साइजच कळते. पण हे माप टोपीचं, दांडीचं नाही! एकाच साइजमध्ये आखूड आणि लांब दांडी दोन्ही मिळतात, त्यामुळे नुसतं ‘२४ लाइन दे’ सांगून चालत नाही. नाण्यांचं पाकीट, कार्ड होल्डर यांना छोटी साइज बरी, बॅगेचा फ्लॅप किंवा जाड बेल्ट असेल तर मोठी. पातळ बकऱ्याच्या लेदरवर मोठं कडक बटण लावू नका, बटण टिकेल पण उघडताना लेदर फाटेल. लावायचंच असेल तर मागे जाड लेदरचा तुकडा चिकटवून दोन थर करून घ्या.

आत पकड कशाची आहे तेही उलटं करून बघा. फिमेलमध्ये गोल तारेची रिंग असेल तर पकड चांगली घट्ट, बॅग-बेल्टसाठी छान. काहींमध्ये समोरासमोर दोन तारा असतात, ती जरा मऊ उघडतात, पाकिटाला तेच बरं वाटतं. आणि एक प्रकार असा की ज्यात तारच नसते, फिमेलच्याच भिंतीला चिरा असतात आणि त्या ताणल्या जातात. ती ठोकताना जरा जपून, जास्त जोर दिला की चिरा दबतात आणि मग मेल आत जातच नाही. शिवाय पुल-द-डॉट नावाचं एक असतं, ते एकाच बाजूने उघडतं आणि ती बाजू टोपीवरच्या ठिपक्याने कळते, ट्रेकिंगच्या किंवा हत्यारांच्या पाऊचला भारी, पण रोजच्या पाकिटाला वैताग.

धातूच्या बाबतीत मुंबईत कंजूषी करू नका. इथली हवा, त्यात खारं वारं आणि चार महिने पाऊस, लोखंडावर नुसतं पॉलिश चढवलेली बटणं एका पावसाळ्यात गंजायला लागतात. खिशात छोटं मॅग्नेट ठेवा, बटणाच्या चारही तुकड्यांना लावून बघा, चिकटलं की लोखंड. नाही चिकटलं म्हणजे पितळच असं मात्र नाही, स्वस्तातला झिंकचा मिश्रधातूपण चिकटत नाही आणि तो ठोकताना फुलण्याऐवजी तडकतो, म्हणून एक बटण फुकट घालवून ठोकून बघितलेलं बरं. गंजापेक्षा वाईट गोष्ट डागांची. व्हेज टॅन लेदर, म्हणजे कोल्हापुरी चपलेसारखं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, त्यात टॅनिन असतं, आणि ओलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतं. हिरडा आणि लोखंडाचा हाच काळा रंग कलमकारीवाले मुद्दाम करतात, आपल्या पाकिटावर बटणाभोवती तो आपोआप येतो आणि जात नाही. पितळेला हा त्रास नाही, फार तर तेलकट लेदरमध्ये हिरवट मेण जमतं, ते कोरड्या फडक्याने पुसलं की झालं.

खरेदीला धारावीच बरी, लेदर तिथेच घेत असाल तर सामानाची दुकानंही आजूबाजूलाच आहेत. नागदेवी स्ट्रीटला हातोडी, पंच, पक्कड असली हत्यारं मिळतात. बटणं बऱ्याच ठिकाणी ग्रोसने, म्हणजे १४४च्या हिशोबाने विकतात, पण विचारलं तर थोडीपण देतात. जाताना तुमच्या लेदरचा तुकडा बरोबर न्या, जाडी मिमीमध्ये सांगा, आणि दुकानातच मेल-फिमेल दहा-वीस वेळा लावून-काढून बघा. आणि प्लीज, बटण एका दुकानातून आणि ठोकायची डाय, म्हणजे टोपी ज्यात बसते तो खड्डेवाला ठोकळा, दुसऱ्याच कुठल्या किटमधली असं करू नका. डायचा खड्डा टोपीच्या गोलाईशी जुळला नाही की टोपी चपटी होते, आणि चपटी झालेली टोपी परत गोल होत नाही.

आता लावायचं कसं. आधी फक्त फ्लॅपवरचं भोक पाडा. कडेपासून भोकाचं केंद्र निदान १२ मिमी आत हवं, मोठ्या बटणाला १५. पंच दांडीच्या जाडीएवढाच घ्या, बहुतेकांना ४ मिमीच्या आसपासचा लागतो, पण आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून दांडी घालून बघा, किंचित दाबून जायला हवी. भोक ढगळ असेल तर बटण आयुष्यभर हलत राहणार. टोपी डायच्या खड्ड्यात उलटी ठेवा, दांडीवर लेदर, त्यावर फिमेल, मग सेटर, म्हणजे ज्याच्या डोक्यावर ठोकायचं ती सळई, अगदी सरळ उभा धरून एक मध्यम ठोका, बघा, मग अजून एक. नायलॉनची किंवा लाकडी मोगरी घ्या. दहा हलके ठोके मारण्यापेक्षा दोन नीट मारलेले कधीही चांगले, हलक्या ठोक्यांत सेटर दर वेळी थोडा सरकतो.

खालच्या बटणाची जागा आधी मोजून ठरवायची नाही, कितीही मोह झाला तरी. फ्लॅपचं बटण बसलं की पाकिटात खऱ्या नोटा, कार्डं, जे काय ठेवणार असाल ते भरा, फ्लॅप बंद करा आणि फिमेल जोरात दाबा, अंगावर गोल खूण उमटेल, तिच्या मधोमध भोक. लेदर वळताना घडीत लांबी खातं, जाड असेल तेवढी जास्त, आणि रिकाम्या पाकिटावर खूण केली की भरल्यावर बटण पोचतच नाही. ओलं करून साच्यावर बसवलेलं काम असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय बटणाला हात लावू नका, ओलं लेदर फुगलेलं असतं, जाडीचा सगळा हिशोब चुकतो.

खालचं बटण ठोकताना पाकिटाचं अंग एकाच थराचं असताना ठोका, म्हणजे शिवण्याआधी. बाजू शिवून झाल्या की आत डाय शिरत नाही. त्यासाठी खूण करताना बाजू क्लिपने तात्पुरत्या धरा, मग सोडा, बटण ठोका आणि मग शिवा. दांडीचा जो भाग आतल्या बाजूला राहतो तो कार्ड आणि मोबाइल ओरबाडतो, त्यावर पातळ लेदरचा तुकडा चिकटवा किंवा अस्तर बटणानंतर लावा.

ठोकायला खाली कडक काहीतरी हवं. किचन ओट्याच्या कडप्प्यावर अजिबात नको, तडा गेला की घरात वेगळाच विषय सुरू होईल. फरशीवाल्याकडून ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणा, खाली जुनी रबर मॅट घाला, आणि खोलीच्या मधोमध न बसता कॉलमजवळ बसा, खालच्या मजल्यावर आवाज बराच कमी जातो. तरी दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नकोच, बिल्डिंगच्या ग्रुपवर तुमचं नाव येईल. खूप बटणं लावत असाल तर हँड प्रेस घ्या सरळ, आवाज नाही, आणि दांडी तिरकी होत नाही कारण डाय सरळच खाली येते. डाय मात्र त्याच साइजची घ्यायला लागते, दर साइजला वेगळी.

झाल्यावर टोपी बोटांनी फिरवून बघा. सहज फिरत असेल तर अजून एक ठोका हवा. आतून दांडीचा काठ सगळीकडून गोल सारखा वळलेला दिसायला पाहिजे, एका बाजूला चिरलेला किंवा दुमडलेला असेल तर ते बटण आज ना उद्या निघणार, तेव्हा आत्ताच काढा. ओढून काढू नका, लेदर फाटतं. वळलेला काठ कटिंग पक्कडने थोडा थोडा कापा किंवा दांडीपेक्षा जरा मोठ्या ड्रिल बिटने हळू घासून उडवा, तुकडा पक्कडमध्ये धरून ठेवा नाहीतर बिटबरोबर गरगर फिरतो आणि लेदर जळतं. काठ गेला की दोन्ही तुकडे सहज वेगळे होतात. भोक तेच वापरायचं, फक्त ते ढगळ झालं असेल तर मागून लेदरची चकती चिकटवून नवीन भोक पाडा, आणि चकतीमुळे वाढलेली जाडी धरून दांडी परत मोजा.