कोपरखैरण्यात बसून इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर

पावसाळ्यात नेक, म्हणजे गिटारीची दांडी, करू नका. टेम्प्लेट (आकाराचा साचा) कापा, सोल्डरिंगला हात बसवा, काय वाट्टेल ते करा पण जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकायला बसू नका. मी बसलो होतो. आमच्या रो-हाऊसच्या मागच्या पडवीत पहिली गिटार ऑगस्टात उरकली, हात लोण्यासारखा फिरायचा, आणि डिसेंबरात हवा जरा कोरडी पडली तसा शिसवीचा फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसतात ती नेकवरची फळी, रुंदीत आकसला. फ्रेटची धातूची पट्टी काही आकसत नाही, मग तिची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली आणि नेकवरून हात म्हणजे करवतीवरून हात. नवी मुंबईत खाडीकाठी राहतो आपण, लाकूड चार महिने पाणी पितं आणि मग सोडत बसतं.

त्यामुळे पहिली खरेदी राऊटर (लाकूड कोरायचं मशीन) नाही, लाकडातला ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर. वखारवाला "एकदम वाळलेलं आहे दादा" म्हणणारच, तुम्ही मीटर टोचा. साधारण 10-12 टक्के दिसलं तर घ्या, 16-18 दिसलं तर घेऊन सरळ माळ्यावर टाका, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, आणि दोन्ही टोकांना फेविकॉल फासून म्हणजे चिरा पडत नाहीत. मला विचाराल तर जुन्या पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांचं सागवान सगळ्यात भारी, वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, नेकला तर सोनंच. फक्त कापायच्या आधी फळीवरून चुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा निघाला की राऊटरचा बिट (पातं) गेलाच. बॉडीला मात्र सागवान जड पडतं, तासभर उभं राहून वाजवलं की खांदा बोलायला लागतो, तिथे तून नावाचं लाकूड बघा, हलकं आणि महोगनीच्याच घराण्यातलं. सागवानाला तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी जोड ॲसिटोनने पुसायचा आणि लगेच चिकटवायचं, नाहीतर सहा महिन्यांनी जोड सुटून हातात येतो.

पहिल्याच गिटारीला नेक तयार विकत आणली तरी चालेल, लाज वाटायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचं (बॉडीकडे तार टेकते तो तुकडा) अंतर, फेंडर कंपनीच्या गिटारींच्या मापात 648 मिमी. फ्रेटच्या जागा काढायला 648 ला 17.817 ने भागा, 36.37 येतात, तो नटपासून पहिला फ्रेट. उरलेल्या अंतराला परत 17.817 ने भागा, असं करत बारावा बरोब्बर 324 वर, म्हणजे अर्ध्यावर आला पाहिजे, नाही आला तर गणित चुकलंय. गणित असं एकातून एक निघतं पण फळीवर खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, या फ्रेटपासून त्या फ्रेटपर्यंत मोजत गेलात की अर्धा-अर्धा मिलिमीटर साठत जातो आणि वरचे सूर बेसूर.

बॉडी 45 मिमी जाड, नेकचा खड्डा 16 मिमी खोल. एमडीएफचं टेम्प्लेट दुहेरी टेपने चिकटवा, बेअरिंगवाला बिट लावा आणि एका फेरीत 3-4 मिमीच उतरा. घाई केली की बिट लाकडाचे रेषे उपटतो. खड्डा इतका घट्ट हवा की स्क्रू न लावता नेक धरून उचलली तरी बॉडी लटकून राहिली पाहिजे. (राऊटर दुपारी दोन ते चार अजिबात लावू नका, शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतात, "काय रे, दिवसभर मिक्सर चालवतोस का?") आणि मास्क लावाच, शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो.

ब्रिज, म्हणजे सॅडल ज्यावर बसतात तो बॉडीवरचा भाग. इथे सगळे चुकतात, मीही चुकलो. ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून तिथे भोकं पाडू नका, आधी नेक बसवा मग ब्रिज ठरवा. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन दोरे ओढा, ब्रिजच्या सॅडलपर्यंत ताणा आणि वरून बघा, फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना सारखी जागा सुटते का. नसेल तर ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा, दोरा खोटं बोलत नाही. पुढे-मागे ठरवताना पातळ ई तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन 648 वर धरा, कारण प्रत्येक सॅडलला मागेच सरकावं लागतं, जाड ई तर 3-4 मिमी मागे जाते. माझ्या पहिल्या ब्रिजची भोकं 4 मिमी मागे पडली होती, सॅडल पुढे ओढून ओढून संपलं पण बारावा फ्रेट सुरात येईना. शेवटी भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आणि परत पाडली. स्क्रूला साबण चोळा, सागवानात सुके फिरवले तर डोकं तुटून हातात येतं.

वायरिंग सोपंय. पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) दोन गुंडाळ्यांचा म्हणजे हंबकर असेल तर 500 के (किलो-ओहम) चे पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), एका गुंडाळीच्या सिंगल कॉइलला 250 के. पॉट, स्विच, जॅक मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पिकअप आणि वायरिंगच्या खड्ड्यांत तांब्याची टेप लावा, ती अर्थला जोडा आणि ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीवर आणा. पॉटच्या पाठीवर 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, 40-60 ची घ्या.

पॉलिशचा उत्साह पावसाळ्यात आवरा, दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. मी जवसाचं तेल लावतो, चार-पाच हात, मध्ये वाळू देत. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा.

तारा चढवल्यावर दोन दिवस नुसती राहू दे, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करायची सळई) बघा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 ते 2 मिमी. आणि जानेवारीत एकदा नेकच्या कडेवरून बोट फिरवा, टोचलं तर बारीक कानस घ्या, फिंगरबोर्डला टेप लावा आणि टोकं परत घासा.