वैद्यकीय संशोधकांनो, प्रकाशनांच्या नोंदीत या चुका टाळा

बढतीची मुलाखत किंवा अनुदानाचा अर्ज तोंडावर आला की वैद्यकीय महाविद्यालयांतील अनेक अध्यापक आपल्या शोधनिबंधांची यादी आणि एच-इंडेक्स (निबंधांना मिळालेल्या उल्लेखांवरून काढलेला अंक) घाईघाईने शोधू लागतात, आणि प्रसिद्ध झालेले निबंध व स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवर दिसणारे निबंध यांचा मेळ बसत नाही हे त्यांच्या तेव्हा लक्षात येते. पुष्कळदा दोष कामात नसतो, नोंदीत असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

सर्वांत मोठा घोळ नावाचा. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. एका नियतकालिकात दोन आद्याक्षरे छापून येतात, दुसऱ्यात एकच, आणि लग्नानंतर आडनाव बदलले तर एमडीच्या प्रबंधावरचे निबंध एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर राहतात. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या शोधसेवेत नुसते ‘पाटील एस’ शोधून पाहा, शल्यचिकित्सकांपासून दंतवैद्यांपर्यंत कितीतरी जण एकाच यादीत येतात. ही गर्दी संगणक अंदाजाने वेगळी करतो, म्हणून कधी एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइल होतात, तर कधी दोघांचे काम एकाच्या नावावर जमा होते. यासाठी नावाचे एकच रूप पहिल्या निबंधापासून ठरवावे आणि 2012 पासून विनामूल्य मिळणारा 16 अंकी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक घ्यावा. तो नुसता घेऊन ठेवल्याने काहीच साधत नाही. निबंध पाठवतानाच तो जोडावा लागतो. स्कोपसवरील दुभंगलेली प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती लेखकाला स्वतः करता येते, मात्र त्यात वेळ जातो, म्हणून अर्जाच्या मुदतीपर्यंत थांबू नये.

संस्थेच्या नावाचेही तसेच आहे. ‘केईएम हॉस्पिटल’ मुंबईत आहे आणि पुण्यातही, आणि या दोन वेगळ्या संस्था आहेत. शहर न लिहिल्यास निबंध भलत्याच संस्थेच्या खात्यात जाऊ शकतो.

गूगल स्कॉलर नवे निबंध आपोआप प्रोफाइलमध्ये भरते. ही सोय बंद करून प्रत्येक नोंद आधी तपासण्याचा पर्याय निवडावा, कारण दुसऱ्याचे निबंध आपल्या नावावर राहिले तर ते अप्रामाणिकपणाचे दिसते, मग हेतू कितीही निर्मळ असो.

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन, म्हणजे इतर निबंधांतील उल्लेख, मिळाली आहेत, तो सर्वांत मोठा अंक म्हणजे एच-इंडेक्स. पाच निबंधांना अनुक्रमे 40, 12, 6, 4 आणि 1 सायटेशन असतील तर हा अंक 4 येतो, आणि 40 ऐवजी 400 असली तरी तो 4 च राहतो. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके आणि अप्रकाशित मसुदेही मोजत असल्याने तेथील अंक सहसा स्कोपस किंवा तशाच वेब ऑफ सायन्स या डेटाबेसपेक्षा मोठा असतो. म्हणून अंक लिहिताना स्रोत आणि तारीख दोन्ही लिहावीत. शरीररचनाशास्त्राच्या तरुण अध्यापकाची तुलना ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञाशी या अंकावरून करणे मला सरळ अन्यायाचे वाटते.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे. 2022 आणि 2023 मधील मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतील संशोधनपर लेखांची संख्या, असा 2024 चा हिशेब होतो. मोजक्या गाजलेल्या लेखांमुळे ही सरासरी फुगते, त्यामुळे आपल्या सर्व निबंधांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरजेला घेऊन अर्जात टाकणे निरर्थक आहे. तसेच पबमेडमध्ये निबंध दिसतो म्हणून नियतकालिक मेडलाइन या निवडक नियतकालिकांच्या सूचीत आहेच असे समजू नये. पबमेड सेंट्रल या संपूर्ण निबंधांच्या मोफत संग्रहामार्फतही निबंध तेथे येतात.

शेवटी, सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. ऑलिव्हर लॉरी यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील 1951 चा निबंध 2014 मधील मोजणीत सर्वाधिक उद्धृत ठरला, कारण ती पद्धत असंख्य प्रयोगशाळांना लागत होती. उलट, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा निबंध ‘द लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन खंडनामुळेही वाढत राहिली. आपण संदर्भ म्हणून घेतलेला निबंध मागे घेतलेला असल्यास पबमेडच्या पानावर तशी सूचना ठळकपणे दिसते. हस्तलिखित पाठवण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ तेथे एकदा उघडून पाहावा.